वरच्या मजल्यावरचं कुत्रं आणि मी लिहिलेले तीन कागद

माझ्या स्वयंपाकघरात सिंकखाली दुधाच्या पावडरचा एक जुना डबा आहे. त्यात माती आहे. रियाधमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या माणसानं घरात मातीचा डबा कशाला ठेवावा, असं मला कुणी विचारलेलं नाही, कारण माझ्या स्वयंपाकघरापर्यंत येतं कोण. पण सांगतो. आम्ही कोकणातले मुसलमान शाफई पंथाचे. कुत्र्याची लाळ किंवा ओलं नाक अंगाला, कपड्याला लागलं तर आमच्यात ती जागा सात वेळा धुवायची, त्यात एकदा मातीनं. गावी, रत्नागिरीकडे, आयुष्यात दोन-तीनदा ही पाळी आली असेल. तिथे दार उघडलं की माती. इथे मला हारिसला, म्हणजे इमारतीच्या रखवालदाराला, सांगून खालच्या कडुनिंबाच्या आळ्यातली माती डबाभर मागवावी लागली. वर्षभरात तो डबा तीनदा भरला. मी दर वेळी चिडून भरला.

मी इथे एकतीस वर्षं आहे. एका बांधकाम कंपनीत अरबी पत्रव्यवहार बघतो. अरबी आधी गावच्या मदरशात शिकलो आणि मग इथे साहेबांची बोलणी खाऊन शिकलो. बायको गावी, मुलगा पुण्याला. नातवंडं फोनवर येतात, "हॅलो दादा, हाउ आर यू" म्हणतात आणि फोन आईकडे देऊन पळतात. इमारतीतल्या सगळ्या भारतीयांचे अरबी कागद माझ्याकडे येतात. विजेचं पत्र असो, इकाम्याचं, म्हणजे इथे राहायच्या परवान्याचं, काही असो, शाळेचा दाखला असो, मी चष्मा लावतो आणि वाचून दाखवतो. इमारतीचा मालक म्हातारा सौदी आहे, इथे राहत नाही. तोही मला उस्ताद म्हणतो. मला या सगळ्याचा जरा माज होता, खोटं कशाला बोलू.

तिसऱ्या मजल्यावर नाशिकचं कुटुंब राहायला आलं तेव्हा मला बरं वाटलं होतं. इंजिनिअर नवरा, बायको आणि आठ वर्षांची मुलगी. इमारतीत मल्याळी होते, हैदराबादी होते, मराठी कुणी नव्हतं. पहिल्याच आठवड्यात जिन्यात त्यानं मला फोनवर बायकोशी बोलताना ऐकलं आणि "अहो, तुम्ही मराठी?" म्हणून थांबला. तेव्हापासून मी त्यांचा चाचा झालो. मुलगी मात्र इंग्रजी शाळेतली. आई मराठीत विचारणार, ही इंग्रजीत उत्तर देणार. आईनं कितीही डोकं फोडलं तरी तेच. मी म्हटलं, घरोघरी हेच आहे, माझ्या नातवंडांचं वेगळं काय.

मग त्यानं ते कुत्रं आणलं. साइटवर वाळवंटात सापडलेलं पिल्लू, वाळूच्याच रंगाचं, लांब पायांचं. चार महिन्यांत माझ्या गुडघ्यापर्यंत आलं. लिफ्टमध्ये कुत्रं नको असं हारिसनं सांगितलं, म्हणून ते जिन्यानं ये-जा करायचं, आणि जिना माझ्या दारावरून जातो. माझी असरच्या, म्हणजे दुपार उलटल्यावरच्या, नमाजला निघायची आणि त्यांची फिरायला निघायची वेळ एकच. दार उघडलं की समोर ते. मी ओरडायचो, "धरा त्याला, धरा आधी." आणि तो इंजिनिअर हसून म्हणायचा, "घाबरू नका चाचा, काही करत नाही तो."

माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. घाबरतोय कोण? माझा हात नापाक होतो, कपडे नापाक होतात, पुन्हा वर या, सात वेळा धुवा, मशिदीतली जमात चुकते. हे मी त्याला एकदा नीट समजावून सांगितलं. तो "सॉरी चाचा, खरंच सॉरी" म्हणाला, आठ दिवस पट्टा आखूड धरला, नवव्या दिवशी पुन्हा तेच, काही करत नाही तो. बायकोला फोनवर सांगितलं की ती म्हणायची, "तुम्ही उगाच तापता. लेकरू आहे त्यांच्यात, कुत्र्याशी खेळत असेल." मी म्हणायचो, तुला काय होतंय तिथे बसून सांगायला.

एक गोष्ट मात्र मी बायकोलाही सांगितली नव्हती. ती मुलगी त्या कुत्र्याशी मराठीत बोलायची. आईनं त्याला मराठीत शिकवलं होतं, म्हणून पोरीची समजूत अशी की त्याला दुसरी भाषा कळतच नाही. आईला इंग्रजी, बापाला इंग्रजी, आणि कुत्र्याला अस्सल नाशिकची मराठी. "हळू चल. असं ओढायचं नसतं. शहाणा कोण आहे? पाय पुसल्याशिवाय घरात घेणार नाही हं." संध्याकाळी ती बापाबरोबर त्याला परत घेऊन येताना हे सगळं जिन्यातून वर यायचं. मी खुर्ची दारापाशी ओढून बसायचो. एवढंच की माझ्या दाराशी आली की तिचा आवाज एकदम बारीक व्हायचा, काहीतरी कुजबुजायची, ते मला कधी ऐकू आलं नाही. वर गेली की पुन्हा मोठ्यानं सुरू. मी तिकडे कान लावून बसायचो आणि दुसऱ्या दिवशी दार उघडून त्याच कुत्र्यावर ओरडायचो.

दिवाळीत तिच्या आईनं फराळाचं ताट पाठवलं. मी ताट हातात घेतलं नाही. म्हटलं, पोटाला बरं नाही. खरं कारण कुत्रं असलेल्या घरातली भांडी. मला वाटलं, तिला कळलं नाही. दोन दिवसांनी तिनं दुकानातला खजुराचा सीलबंद डबा आणि नवी कोरी पिशवी पाठवली, वर चिठ्ठी, "चाचा, हे आमच्या घरात उघडलेलं नाही." रागावून नव्हतं लिहिलेलं. मी तो खजूर खाल्ला.

फेब्रुवारीत गावी माझा मोठा भाऊ गेला. सकाळी दहाला फोन आला. मी सुटीचा अर्ज केला, पण पासपोर्टवर जाण्या-येण्याचा शिक्का मिळेपर्यंत काही अर्थ उरला नव्हता, मय्यत दुपारीच उचलणार होते. पुतण्यानं फोनवर चेहरा दाखवला. मध्येच चित्र अडकलं, भावाचा चेहरा तसाच थांबून राहिला आणि मागे बायकांचे आवाज चालू होते. मी फोन ठेवला, भात खाल्ला, ताट धुतलं. रडू आलं नाही. काहीच आलं नाही. दात काढताना सुई देतात, मग हिरडी आपली वाटत नाही, तसं सगळं अंग झालं होतं. मी ठरवलं, असरला जमातीत उभा राहीन आणि भावासाठी दुआ मागेन. आंघोळ केली, धुतलेला पांढरा पायघोळ तोब घातला, दार उघडलं.

ते कुत्रं दारातच होतं. पट्टा मुलीच्या हातात होता, बाप चार पायऱ्या वर होता. कुत्र्यानं नाक माझ्या तळहाताला लावलं, ओलं, थंड, आणि मग तोबाला. मी काय ओरडलो ते आठवत नाही. मुलगी भिंतीला चिकटली. बाप धावत खाली आला आणि त्याच्या तोंडून सवयीनं तेच निघालं, "काही करत नाही तो, चाचा."

मी आत गेलो. सिंकखालचा डबा काढला, माती हाताला लावली, पाण्यानं धुतली, मग आणखी सहा वेळा. तोब बदलला. मशिदीत पोचलो तेव्हा माणसं नमाज आटोपून चपला घालत होती. मी एकटाच आत उभा राहिलो. दुआ मागायला हात उचलले आणि डोक्यात फक्त ते कुत्रं. भाऊ आठवेना. सांगतो ते खरं सांगतो, त्या सगळ्या आठवड्यात मला एकच गोष्ट जाणवत होती, ती म्हणजे राग. बाकी काही जाणवत नव्हतं, म्हणून मी तो राग सोडला नाही.

घरी येऊन मी मालकाला पत्र लिहिलं. हा पहिला कागद. मला चांगलं अरबी येतं. जिन्यात घाण होते, मुलं घाबरतात, नमाजी लोकांना त्रास होतो, असं दीड पान. मुलं घाबरत नव्हती, सगळी त्याला हात लावायला धावायची. खाली "आपल्या इमारतीतले रहिवासी" अशी सही केली आणि हारिसच्या हातून धाडलं. हारिसला म्हटलं, माझं नाव घेऊ नकोस.

दहा दिवसांनी इंजिनिअर माझ्या दाराशी आला. हातात कागद. मालकाला फोनवर टाइप करायची सवय नाही, तो हातानंच लिहितो, आणि त्याचं धावतं अक्षर इथल्या पोरांनाही लागत नाही. इंजिनिअरनं फोनला कागद दाखवून पाहिला होता, फोननं त्यातून "शिडीची साखर माफ" असलं काहीतरी काढलं. तो हसत होता. म्हणाला, "चाचा, तुमच्याशिवाय कोण वाचणार. कुणीतरी तक्रार केलीय वाटतं. कुणी केली असेल?"

मी म्हटलं, "काय माहीत."

चष्मा लावला. मालकानं लिहिलं होतं, जिन्यात कुत्र्याचा पट्टा आखूड धरावा, कुणी समोर आलं तर थांबून वाट द्यावी, नमाजच्या वेळेआधी अर्धा तास त्याला जिन्यावर आणू नये, शेजाऱ्याचा शेजाऱ्यावर हक्क असतो. आणि शेवटी, मुलीला माझा सलाम सांगा. एवढंच होतं. एवढं माझ्यासाठी पुरेसं होतं, मी मागायला हवं होतं ते सगळं त्यात होतं.

मी म्हटलं, "पंधरा दिवसांत कुत्रं घालवा म्हणतोय. नाहीतर घराचा करार वाढवणार नाही."

ठरवून नाही बोललो. तोंड उघडलं आणि ते बाहेर आलं, आणि आल्यावर ते कागदावर लिहिल्यासारखंच वाटलं. मी कागदाकडे बघतच होतो. इंजिनिअर खुर्चीत बसला. मग म्हणाला, "मुलीची शाळा इथून जवळ आहे म्हणून हे घर घेतलं होतं." आणि मग, "चाचा, तुम्ही उत्तर लिहून द्याल का? विनंती करू. निदान तिची परीक्षा होईपर्यंत तरी."

हा दुसरा कागद. तो मराठीत सांगत होता आणि मी अरबीत लिहीत होतो. मुलगी एकटी आहे, त्या कुत्र्याशिवाय तिला कुणी नाही, आम्ही जिना रोज धुऊ, चार महिने द्या. त्यानं हे सांगितलं. मी लिहिलं, आपलं पत्र मिळालं, आपल्या सूचना मान्य आहेत, आभारी आहोत. दुसरं लिहिणार तरी काय होतो. विनंती लिहिली असती तर मालकानं विचारलं असतं की घालवा म्हटलंय कुणी. इंजिनिअरनं खाली इंग्रजीत सही केली, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, "तुमचे उपकार आहेत." मला तेव्हा लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. तो गेल्यावर मी चहा केला.

उत्तराला उत्तर आलं नाही, येणार नव्हतंच. पंधरा दिवस पुरे व्हायच्या आत ते कुत्रं गेलं. त्याच्या कंपनीतला एक ड्रायव्हर बुरैदा शहराकडचा, त्याची तिकडे खजुराची बाग आहे. शुक्रवारी सकाळी गाडी आली. मी खिडकीतून पाहिलं. मुलीनं त्याला मागच्या सीटवर बसवलं, त्याची पाण्याची वाटी आत ठेवली, दार लावलं. रडली नाही. हात हलवला नाही. गाडी वळेपर्यंत उभी राहिली आणि मग बापाच्या आधी जिना चढून वर गेली. माझ्या दारावरून जाताना पावलांचा आवाज तेवढा आला.

त्यानंतर माझी जमात एकदाही चुकली नाही. तोब स्वच्छ, जिना स्वच्छ. संध्याकाळी मी सवयीनं खुर्ची दारापाशी नेली की बाहेर काही नसायचं. आठ-दहा दिवसांनी मुलगी जिन्यात भेटली. मी म्हटलं, "काय गं बाय, शाळा कशी चाललीय?" ती म्हणाली, "फाइन, अंकल." आधी चाचा म्हणायची. तिची आई मागे होती. ती म्हणाली, "हल्ली मराठीचा एक शब्द नाही तोंडात. त्याच्यामुळे जरा तरी बोलायची." मी मान हलवली.

त्याच सुमारास मालकाचा फोन आला. दुसरंच काही काम होतं, पाण्याच्या टाकीचं. शेवटी म्हणाला, "उस्ताद, त्या जिन्याचं नीट झालं का?" मी म्हटलं, झालं. तो म्हणाला, "मुलीचं कुत्रं ठीक आहे?" मी म्हटलं, ठीक आहे. तो म्हणाला, अल्हम्दुलिल्लाह.

आणखी चार दिवसांनी इंजिनिअर खाली गाडी पुसताना दिसला. मला बघून जवळ आला. हळू आवाजात म्हणाला, कुत्रं बागेतून पळालं. पट्टा तोडून गेलं. माणसं मागे धावली, हाका मारल्या, पण ती अरबीत हाका मारणार, याला काय कळतंय. रस्त्याच्या बाजूला गेलेलं दिसलं, मग नाही दिसलं. "मुलीला सांगितलं नाही अजून," तो म्हणाला. "तुम्हीही बोलू नका, चाचा." मी म्हटलं, नाही बोलणार. मला गप्प राहायला सांगावं लागत नाही, हे त्याला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बेल वाजली. मुलगी होती. आई वरच्या पायरीवर उभी राहून बघत होती. मुलीच्या हातात शाळेची वही आणि पेन. म्हणाली, "अंकल, कॅन यू राइट अरेबिक फॉर मी?"

मी तिला आत बोलावलं, दार उघडंच ठेवलं. तिनं इंग्रजीत सगळं समजावून सांगितलं. कुत्रं बागेत आहे, तिथल्या लोकांना मराठी येत नाही, आणि त्याला मराठीशिवाय काही येत नाही. म्हणून ती शब्द सांगणार आणि मी ते अरबी अक्षरांत लिहायचे, म्हणजे त्या लोकांनी वाचले की तोंडातून मराठी येईल. शेजारी अर्थ लिहायचा. आणि बाबा तो कागद ड्रायव्हरकडे देतील. तिनं विचार पक्का केलेला होता. मी वर तिच्या आईकडे पाहिलं. आई जिन्याच्या कठड्याकडे बघत होती. तिलाही माहीत होतं.

हा तिसरा कागद. मी चष्मा लावला, पाटी मांडीवर घेतली. ती सांगू लागली आणि सांगताना तिची मराठी परत आली, तशीच, नाशिकची. "बस." मी लिहिलं. "थांब." लिहिलं. अरबीत नसलेल्या अक्षरांच्या जागी जवळची अक्षरं बसवली. "इकडे ये. हळू चल. पाणी पी. आता नाही मिळणार. शहाणा कोण आहे?" शेवटचा प्रश्न कशाला, मी विचारलं. ती म्हणाली, तो विचारला की तो झोपतो. मी समोर अर्थ लिहिला, झोपवण्यासाठी.

मला वाटलं संपलं. मी टोपण लावलं.

"वन मोअर," ती म्हणाली. "धिस वन इज फॉर युवर डोअर."

माझ्या दारासाठी म्हणजे काय, ते तिनं सांगितलं. मी ओरडायचो म्हणून तो माझ्या दाराला घाबरायचा. दुसऱ्या मजल्यावर आलं की पाय रोवून बसायचा, पुढे येईना. मग ती त्याच्या कानात एक वाक्य म्हणायची आणि तो चालायला लागायचा. बागेत कुणी ओरडलं तर तिथल्या लोकांनी त्याला ते म्हणावं, म्हणजे तो घाबरणार नाही. ती पुढे वाकली आणि माझ्याच दाराजवळ, त्याच बारीक आवाजात, म्हणाली,

"घाबरू नको. चाचा काही करत नाहीत."

मी पेन उघडलं. अर्धं लिहिलं आणि थांबलो. म्हटलं, "बाय, तिथे चाचा कुठे आहे? दुसरं काहीतरी लिहू का?"

"चाचाच लिहा," ती म्हणाली, मराठीत. "त्याला तेवढंच माहितीये."

मी तसंच लिहिलं. अक्षर चांगलं आलं. तिनं कागदाची घडी घातली, वहीत ठेवली, "थँक यू अंकल" म्हणाली आणि आईकडे वर गेली.